लॅम्पखालचं पुस्तक

पुस्तक उघडलंच नाही. म्हणजे पुठ्ठा उघडला, नावाचं पान उघडलं, त्यामागचं कोरं पान उघडलं, आणि तिथून पुढे तिचं बोट अडलं. आपलाच अंगठा कोरडा पडला असेल असं तिला वाटलं. तिनं तो सवयीनं ओठांशी नेला आणि सकाळी दारात ऐकवलेले नियम आठवून तसाच खाली आणला. थुंकी लावायची नाही, पेन आणायचं नाही, पुस्तकावर कोपर टेकवायचं नाही. तिनं पुन्हा पान उलटून पाहिलं. दोन पानं एकदम उठली, मधे जरा फुगली आणि वरच्या कडेला एकमेकांना धरून राहिली. पुढची दोनही तशीच. त्याच्या पुढची वरूनही जुळलेली आणि बाजूनंही, फक्त खालून उघडी, उशीच्या अभ्र्यासारखी. मग तिच्या लक्षात आलं, आणि लक्षात आलं तेव्हा त्या एवढ्या मोठ्या थंडगार दालनात तिची कानशिलं तापली. हे पुस्तक कुणी कधी वाचलंच नव्हतं. छापखान्यातून ते ज्या दिवशी निघालं त्या दिवसापासून आजच्या सकाळपर्यंत, देशातलं प्रत्येक छापील पुस्तक जपून ठेवणाऱ्या या वाड्याएवढ्या कपाटात, तिच्या आईचं एकुलतं एक पुस्तक तोंड शिवून बसलं होतं.

आता कुणाला सांगून खरं वाटणार नाही, पण तिच्या लहानपणी पुष्कळ पुस्तकं अशीच यायची. छापखान्यात मोठा कागद छापायचे, त्याला घडीवर घडी घालायचे, घड्या एकावर एक ठेवून शिवायचे आणि द्यायचे पाठवून. घड्यांच्या कडा कापायच्या त्या वाचणाऱ्यानं. घरात हे काम बाबांचं. बाबा साहित्याचे प्राध्यापक, आणि नवं पुस्तक त्यांच्याआधी कुणी कापायचं नाही हा घरातला कायदा होता. रविवारी सकाळी ते टेबलाशी बसायचे, पितळी सुरी रुमालाच्या टोकानं पुसायचे आणि एकेक कड कापत जायचे. खर्र, थांबायचं, दोन ओळी वाचायच्या, हुं म्हणायचं, पुन्हा खर्र. दादा आणि ती दारात उभी राहून बघायची. बाबांच्या मांडीवर कागदाचा बारीक भुसा पडायचा, ते उठले की तो जमिनीवर सांडायचा, आणि आई केरसुणी घेऊन यायची. पुस्तक आईच्या हातात यायचं ते बाबांचं वाचून, त्यावर बोलून, ते कसं फसलंय हे सगळ्या मित्रमंडळींना सांगून झाल्यावर. बाबांना न आवडलेलं पुस्तक आईला आवडलं तर आई ते बोलून दाखवत नसे. एवढंच, की ते पुस्तक बरेच दिवस स्वयंपाकघरातल्या फळीवर दिसायचं.

आई टेलिफोन एक्सचेंजमध्ये होती. कानाला यंत्र लावून दिवसभर लोकांची बोलणी एकमेकांना जोडून द्यायची, स्वतः मधे काही बोलायचं नाही, अशी ती नोकरी. तिनं पुस्तक कधी लिहिलं हे घरात कुणाला कळलं नाही. एका दुपारी खाकी कागदात बांधलेला गठ्ठा आला, सुतळी सोडली तर आत सगळी एकसारखीच पुस्तकं, आणि प्रत्येकावर आईचं नाव. मुलीनं ते नाव बोटानं चाचपून पाहिलं होतं, शाई जरा उठून आलेली होती. आईनं एक प्रत उचलली, बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि तिच्यावर ती पितळी सुरी आडवी ठेवली. संध्याकाळी बाबांनी सुरी उचलली, बाजूला ठेवली. म्हणाले, वेळ झाला की बघतो, घाईघाईत वाचायची गोष्ट नाही ती. वेळ काही झाला नाही. रविवार आले, दुसरी पुस्तकं आली, सुरी चालत राहिली. मग टेबलावरचा लॅम्प बाबांना बुटका वाटायला लागला, उजेड पानावर नीट पडेना, आणि त्यांनी हाताशी होतं ते पुस्तक त्याच्याखाली सरकवलं. उंची अगदी बरोबर झाली. मुलीनं रडकुंडीला येऊन आईला जाऊन सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती. तिनं मान वरही केली नाही. "असू दे," ती म्हणाली. "उजेड तर पडतोय."

हे वाक्य तिला आयुष्यभर पुरलं होतं. ते शांतपणानं म्हटलेलं होतं की चिडून, हे तिला अजूनही ठरवता येत नव्हतं. लहानपणी वाटायचं, आई फार सोशिक. लग्न झाल्यावर वाटलं, सोशिक कसली, ती आतून धुमसत होती. आता स्वतःचे केस पांढरे झाल्यावर वाटायला लागलं होतं की ते दोन्ही खोटं, आईनं फक्त वाट बघायचं ठरवलं होतं, कुणीतरी कापील म्हणून. आणि इथे हे एवढं घुमट बांधलेलं, संगमरवर घातलेलं, शांतता राखा म्हणून दर खांबावर लिहिलेलं ग्रंथालय, यांनीही तेच केलं होतं. फक्त यांनी वर लॅम्प ठेवला नव्हता.

ती पुस्तक घेऊन काउंटरवर गेली. काउंटरवरच्या बाईंनी स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या, पुस्तक उलटंसुलटं केलं, खालून फुंकर मारून पाहिली. "पानं चिकटलीत की हो," त्या म्हणाल्या. "छपाईतच बिघडलेली प्रत दिसते. दुसरी मागवा." तेच शब्द. दादाचे अगदी तेच शब्द. बाबा गेल्यावर घर आवरायला ती जाऊ शकली नव्हती, धाकट्या मुलीच्या वेळचं बाळंतपण अवघड गेलं होतं आणि डॉक्टरांनी पलंगावरून उठू दिलं नव्हतं. दादानं सगळं एकट्यानं उरकलं. बाबांची पुस्तकं कॉलेजला दिली, तिथे त्यांच्या नावाची पाटीही लागली. आईचं पुस्तक? "अगं, ते लॅम्पखालचं ना? त्याची पानंच चिकटलेली होती, छपाईत बिघडलेली प्रत. रद्दीत घातलं." दादा इंजिनिअर. पूल बांधायचा, पुलाची एक कड चुकली तर त्याला रात्रभर झोप यायची नाही, पण लहानपणापासून रविवारच्या रविवार दारात उभं राहून बघितलेली गोष्ट त्याला आठवली नाही. तिनं त्याच्याशी भांडून पाहिलं, तर तो खरोखरच चकित झाला. एवढं काय त्यात, म्हणाला, दुसरी प्रत मिळेल की. दुसरी प्रत! आईनं वाटलेल्या प्रती शोधत ती मावशीकडे गेली, आत्याकडे गेली, एक्सचेंजमधल्या आईच्या मैत्रिणींच्या घरी गेली. सगळ्यांना पुस्तक आठवत होतं. हो हो, दिलं होतं तुझ्या आईनं, हिरवं होतं. आत काय होतं ते एकीलाही सांगता आलं नाही. छापखाना तर केव्हाच बंद पडून तिथे बुटांचं दुकान झालं होतं. शेवटी धाकटीनं घरी बसून या ग्रंथालयाच्या यादीत ते शोधून दिलं, आजीचं नाव, साल, पानं, सगळं बरोबर. त्या दिवशी ती रडली होती. आहे, म्हणाली, कुठेतरी आहे.

बाईंना तिनं समजावून सांगितलं. पानं चिकटलेली नाहीत, जुळलेली आहेत, एक सुरी द्या, मी कापते. सुरी हा शब्द ऐकून बाईंनी फोन उचलला.

विभागप्रमुख आले ते पांढरे हातमोजे चढवतच. उंच, मृदू बोलणारे, बूट न वाजवता चालणारे गृहस्थ. त्यांनी पुस्तक हातात घेतलं, कडा बघितल्या, आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की क्षणभर तिला वाटलं, चला, एक तरी माणूस भेटला. ते म्हणाले, ही आली तशीच आहे, अस्पर्श आहे, त्या काळची न कापलेली प्रत आता बघायला मिळत नाही. त्यांनी तिचे आभार मानले. तुम्ही मागवलंत म्हणून आमच्या लक्षात तरी आलं, म्हणाले. मग तिनं आपलं मागणं सांगितलं आणि त्यांचा चेहरा दुखावल्यासारखा झाला.

"कापता नाही यायचं," ते म्हणाले. "त्या घड्या म्हणजे या प्रतीचं मूळ रूप आहे."

"मग वाचायचं कसं?"

"वाचण्यासाठी दुसरी प्रत वापरायची असते."

"दुसरी नाही कुठे. ही एकच आहे."

"एकच आहे ना? मग तर ही जपलीच पाहिजे."

ते हे इतक्या समजुतीच्या सुरात म्हणाले की तिला क्षणभर आपणच वेड्यासारखं बोलतोय असं वाटलं. मग तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं विचारलं, फोटो काढून द्याल का पानांचे. ते म्हणाले, उघडतात त्या पानांचे देऊ. बंद पानांचं? त्यासाठी अर्ज करता येईल, अर्ज समितीपुढे जाईल, समितीनं आजवर अशी परवानगी दिलेली त्यांना तरी आठवत नव्हती. तिनं सांगितलं, हे माझ्या आईनं लिहिलंय. त्यांनी मान तुकवली, अगदी मनापासून तुकवली. म्हणाले, तुम्हाला अभिमान वाटायला हवा. आणि मग त्यांना एकदम सुचलं. खालच्या मजल्यावर काचेच्या पेट्यांमध्ये जुन्या छपाईचं प्रदर्शन मांडणं चाललं होतं. त्यात ही प्रत शोभेल, म्हणाले. उघडून नाही, अशीच, कडा दिसतील अशी. खाली चिठ्ठी, न वाचलेलं पुस्तक. लोकांना फार आवडेल. प्रदर्शनवाल्यांशी आत्ताच बोलून येतो, तोवर पुस्तक तुमच्याकडेच राहू दे. "बघा हवं तेवढं," असं म्हणून ते आवाज न करता निघून गेले.

बघा. सकाळपासून सगळं बघतच होती ती. नवऱ्यानं सहलीची तिकिटं काढली होती, कारण नुसत्या एका पुस्तकासाठी एवढ्या लांब जायचं त्याला पटेना. तिथे म्हणे फिरायलाही पुष्कळ आहे. त्याला कुठल्याही ठिकाणी गेलं की किती, हे विचारायची सवय. किती खोल्या, किती मजले, बांधायला किती वर्षं. गाइडनं त्याला पोटभर आकडे दिले आणि वर सांगितलं की इथली फडताळं एकापुढे एक लावली तर पुढच्या शहरापर्यंत पोचतील. सगळे वा म्हणाले. तिनं विचारलं, यातली वाचली जातात किती? गाइड हसला, बाई विनोदी दिसताहेत असं त्याला वाटलं. मग त्यानं सगळ्यांना वरच्या सज्जात नेलं, तिथे काच होती, आणि काचेतून खाली वाचकांचं दालन दिसत होतं. शंभर हिरवे दिवे, त्यांच्याखाली वाकलेली डोकी. हे वाचक, गाइड म्हणाला, कृपया फ्लॅश वापरू नका. प्राणिसंग्रहालयात सिंहाला दाखवतात तसं. थोड्या वेळानं तिची वेळ झाली, तिला फोटोचं ओळखपत्र मिळालं, कडक प्लास्टिकचं, वर मोठ्या अक्षरात वाचक, आणि ती सज्जातून उतरून त्या दिव्यांखाली आली. नवरा वरच थांबला. मी इथूनच बघतो तुला, म्हणाला.

तिनं पुस्तक खालच्या बाजूनं डोळ्याशी धरलं. घडीच्या आत बोगद्यासारखा अंधार होता आणि अंधारात ओळी. मान तिरकी करून एकदा डावं पान, एकदा उजवं. उघडणाऱ्या पहिल्या पानावर लिहिलं होतं, "दुपारी सगळी भांडी घासून पालथी घातल्यावर तिला वाटलं, आता आपण गेलो तरी चालेल." तिनं ते वाक्य वाचलं आणि ती शाळेतून परत आली. आठ वर्षांची, दप्तर पाठीला, दार बंद, किल्ली शेजारच्या काकूंकडे. काकू म्हणाल्या, आई बाहेर गेलीय बाळ, ये, बस इथे. ती काकूंकडे बसली नाही. पायरीवर बसली. भांडी घासून पालथी घातलेली होती, ओट्यावर फडकं वाळत टाकलेलं होतं, दोरीवरची आईची रोजची पिशवी नव्हती, हे तिनं खिडकीतून बघून घेतलं होतं. दादा खेळायला गेला. बाबा आले, किल्लीनं दार उघडलं, हातपाय धुऊन वर्तमानपत्र घेऊन बसले. ती पायरीवरच. दिवे लागायच्या वेळेला गल्लीच्या टोकाला आई दिसली. चपलांवर धूळ, पिशवी फुगलेली, आत कपडे असावेत अशी. तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, जेवलीस का विचारलं, आत गेली, स्टोव्ह पेटवला. बाबा पेपराआडून म्हणाले, आज उशीर झाला? आई म्हणाली, हो, झाला. एवढंच. त्या घरात त्या दिवसाबद्दल त्यापलीकडे एक अक्षर कुणी बोललं नाही. दादाला तर असा काही दिवस होता हेच माहीत नाही.

पुस्तक आलं ते त्यानंतर. तेव्हा तिनं आईला विचारलं होतं, कसली गोष्ट आहे? एक बाई असते, आई म्हणाली, आणि ती एका दुपारी घरातून निघून जाते. मुलीनं लगेच विचारलं, परत येते का ती? "मोठी हो आणि वाच," आई म्हणाली. मुलगी मोठी व्हायच्या आधी आई आजारी पडली, आणि आजारी पडली ती उठलीच नाही. लॅम्प जिथल्या तिथे होता. त्याच्या तारेला, बटणाला, बुडाला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

परत येते का. साठीच्या घरात आलेली बाई एवढ्या लांब येऊन एवढंच विचारत होती, आणि उत्तर तिच्या हातात होतं, बोटांना लागत होतं. बोगद्यातून तुकडे मिळत होते. "...वाहकानं विचारलं, कुठे उतरायचं? ती म्हणाली, शेवटी." मग घडीचा सांधा, आणि ओळी शिवणीकडे वळून बुडालेल्या. आणखी एक तुकडा, "...कुणाच्याही बोलण्याच्या मधे नसणं किती सोपं..." आणि पुन्हा अंधार. शेवटची घडी तर गच्च होती. तिला खालूनही डोळा लावता येईना, पानं उन्हाळ्या-पावसाळ्यांनी एकमेकांवर बसून गेली होती. तिची मान दुखायला लागली. शेजारच्या टेबलावरचा वाचक तिच्याकडे बघत होता, कारण पुस्तकात खालून डोकावणारं माणूस त्यानं कधी पाहिलं नसावं. आणि उद्या हेच पुस्तक काचेत असेल. लोक येतील, गाइड काठीनं दाखवील, हे न वाचलेलं पुस्तक. कुणी विचारील, किती वर्षं? आणि आकडा ऐकून वा म्हणतील. बाबांनी निदान त्याचं कौतुक केलं नव्हतं. बाबांनी न वाचण्याची पाटी लावली नव्हती. हे लोक तर तिच्या आईच्या न वाचलेपणाचा सोहळा करणार होते, आणि ते करताना हातमोजे घालणार होते. एक्सचेंजमध्ये गप्प, घरात गप्प, लॅम्पखाली गप्प, आणि इथे सरकारी खर्चानं गप्प.

मग तिनं गळ्यातलं ओळखपत्र काढलं. कड बोटानं तपासली. कडक होती, धारदार नव्हती, आणि बाबा म्हणायचे तेच बरोबर, धार नको, धारेनं कागद भलतीकडे फाटतो, नुसती सरळ कड हवी आणि हात थांबायला नको. बाबांकडून तिला एवढं एकच शिकायला मिळालं होतं, तेही दारात उभं राहून. तिनं पहिली घडी उघडली, कार्ड आत घातलं, वाचक असं लिहिलेली बाजू वर होती, आणि ओढलं.

खर्र. त्या शांततेत तो आवाज केवढा मोठा झाला. शंभर दिव्यांखालची डोकी वर झाली. खांबाजवळचा पहारेकरी इकडेतिकडे बघायला लागला, पण आवाज नेमका कसला हे त्याला उमजेना, आणि ती तर मान खाली घालून बसलेली, पुढ्यात पुस्तक, अगदी नमुनेदार वाचक. तिनं वाचायचा मोह आवरला. एक घडी वाचत बसलो आणि तेवढ्यात कुणी आलं तर बाकीचं तसंच राहील, आपल्याला कळेल आणि पुस्तक मात्र बंद. ते नको. तिनं आधी सगळं कापायचं ठरवलं. खर्र. वरची कड, मग बाजूची. एके ठिकाणी कागद जरा दातरला, तिनं चुकचुक केलं आणि हात हलका केला. कागदाचा भुसा तिच्या मांडीवर पडत होता. वर सज्जात नवी सहल आली होती, काचेमागे माणसं उभी होती, आणि त्यांच्यात तिचा नवरा मोबाइल उंच धरून तिचा फोटो काढत होता. तिनं वर पाहिलं तसा त्यानं हात हलवला. इतक्या वर्षांच्या संसारात त्यानं तुझ्या आईनं लिहिलं काय होतं असं एकदाही विचारलं नव्हतं, पण आता मात्र घरी गेल्यावर सगळ्यांना दाखवील, बघा, किती मन लावून वाचतेय. तिनं हात हलवला नाही. शेवटच्या घडीत कार्ड शिरेना, तिनं ते हळूहळू करवतीसारखं मागेपुढे करत घातलं आणि पानं सुटली. सुटताना त्यातून वास आला. शाईचा, खळीचा, त्या खाकी गठ्ठ्याचा.

शेवटचं पान उजव्या हाताला होतं. तिनं आधी तीच घडी वाचली. बाई परत आली नव्हती. शेवटच्या थांब्यावर उतरली होती, कुठल्याशा गावात खोली घेतली होती, काम धरलं होतं. "सकाळी तिनं खिडकी उघडली. समोर एक भिंत होती. ती भिंत तिच्या ओळखीची नव्हती, म्हणून तिला ती फार आवडली." आणि खाली, शेवटच्या चार ओळी. "मुलाची तिला काळजी नव्हती. मुलगी मात्र पायरीवर बसली असेल. हट्टी आहे ती. मोठी झाली की शोधत येईल. तिला सापडेल अशाच ठिकाणी आपण राहायला हवं, असं ठरवून ती कामाला लागली."

तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो रागच, नवा, स्वच्छ, उभाच्या उभा राग. गेली होती. तिची आई गेली होती, चपलांना धूळ लावून परत येऊन स्टोव्ह पेटवणारी वेगळी, ही खरी निघून गेली होती, आणि बाबा तिच्या डोक्यावर लॅम्प ठेवून वाचत बसले होते. घरातून माणूस निघून गेल्याचं घरातल्या माणसांना कळू नये? पितळी सुरी तर बाबांच्या हाताशीच होती. आणि आई सापडेल अशा ठिकाणीच राहिली होती, कपाट क्रमांक, फळी क्रमांक, यादीत नाव, सगळं पत्त्यासह. वाट बघत. जेवलीस का, असं तिला कुणीतरी विचारावं असं फार वाटलं. सकाळपासून ती काही जेवली नव्हती.

विभागप्रमुख परत आले ते हसतमुख. प्रदर्शनवाल्यांनी मधली पेटी देऊ केली होती. मग त्यांना तिच्या मांडीवरचा भुसा दिसला, तिच्या हातातलं कार्ड दिसलं, आणि ते मटकन शेजारच्या खुर्चीवर बसले. पहारेकऱ्याला त्यांनी हातानंच लांब थांबवलं. त्यांना ओरडता येत नव्हतं, तिथे ओरडायची सोयच नव्हती.

"एवढी वर्षं सांभाळली होती आम्ही," ते म्हणाले.

"कोंडून ठेवली होती," ती म्हणाली. "सांभाळणं वेगळं. तुम्ही बाईला कोंडून ठेवलीत आणि वरून पाटी लावणार होतात, हिला कुणी विचारलं नाही म्हणून."

त्यांनी सांगितलं की याची नोंद करावी लागेल, ओळखपत्र परत घ्यावं लागेल, यापुढे तिला आत सोडता येणार नाही, पोलिसांत कळवायचं की नाही ते वरिष्ठ ठरवतील. ती प्रत्येक गोष्टीला बरं म्हणाली. तिनं कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. त्याच्या कडेला कागदाचे तंतू चिकटले होते, तिचा फोटो घासून पांढुरका झाला होता. त्यांनी हातमोजे चढवले, पुस्तक जवळ ओढलं आणि कुठे कुठे इजा झाली ते पान पान उलटून तपासायला लागले. ती उठली. मांडीवरचा भुसा जमिनीवर सांडला, तो तिनं झटकला नाही, उचललाही नाही. केर काढणारं कुणीतरी त्यांच्याकडे असेलच.

ती दारापर्यंत गेली आणि तिला जाणवलं की मागून पान उलटल्याचा आवाज आलेला नाही बराच वेळ. तिनं वळून पाहिलं. ते वाकले होते. कडा बघणाऱ्या माणसाची नजर कडेवर असते, यांची डावीकडून उजवीकडे चालली होती, ओळीच्या शेवटाला जाऊन पुन्हा डावीकडे येत होती. मग त्यांनी पान उलटलं, घाईनं, पुढच्या पानाची वरची ओळ आधीच शोधत. उजव्या हाताचा मोजा अडखळत होता म्हणून त्यांनी तो काढून ठेवला. त्यांना ती गेली असं वाटलं असावं किंवा ती कोण होती हेच ते विसरले असावेत, कारण त्यांनी मान वर न करताच विचारलं, अगदी हलक्या आवाजात, पायरीवर बसलेल्या पोरानं विचारावं तसं.

"मग ही परत येते का?"

तिनं दाराला हात लावला. वर काचेमागे नवरा तिला खुणेनं विचारत होता, झालं का, चहाला जायचं का.

"पुढची सगळी पानं उघडलीत मी," ती म्हणाली, आणि बाहेर पडली.